चिपळूणच्या घरातल्या रेकॉर्ड्स: चिखलापासून डिजिटल प्रतीपर्यंत

१४ जानेवारी २०२४

चिपळूणच्या घरातल्या सगळ्या रेकॉर्ड्स आणि जुना सूटकेसछाप प्लेयर पुण्याला आणला. पुढचे काही महिने शनिवार-रविवार एकच काम: त्या साफ करून त्यांच्या डिजिटल प्रती करायच्या. घरच्या रेकॉर्ड्सचं असंच काही करायचं मनात असणारे बरेच जण आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले हे इथे लिहीत जाईन.

संग्रहात तीन पिढ्यांच्या आवडी आहेत. आजीच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या, त्यात बहुतेक नाट्यपदं आणि तीही बालगंधर्वांची. आई-बाबांच्या मोठ्या एलपी (वेग ३३⅓, पुढे नुसतं ३३): भावगीतं, अभंग, गीतरामायण. आणि ताईसाठी नि माझ्यासाठी घेतलेल्या छोट्या, ४५ च्या वेगाच्या ईपी, म्हणजे बालगीतं आणि गणपतीच्या आरत्या. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा आई दहा वर्षांची होती. पुढे वर्षभर छप्पन्न गाणी लागली आणि ती वहीत उतरवून घेत गेली. ती वही आहे अजून. तिच्या शाईपेक्षा रेकॉर्ड्सची तब्येत वाईट आहे.

कारण २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. वरच्या कप्प्यातलं वाचलं, प्लेयर माळ्यावर होता म्हणून वाचला. पाणी ओसरल्यावर घर धुणं, धान्य फेकणं, गाद्या फेकणं यात रेकॉर्ड्स कुणी बघणार नव्हतं. वरवर पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, त्या अशाच होत्या.

आज फक्त तीन ढीग केले: कोरड्या, चिखलाच्या, आणि हात लावायला भीती वाटावी अशा. प्रत्येकीचा लेबलवरचा नंबर आणि तबकडीच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर वहीत घेतला. हे सगळ्यात आधी करा. कितीतरी लेबलं पुढे धुताना जातात, आणि मग तबकडीवर काय आहे हे सांगणारी तेवढीच खूण उरते.

२१ जानेवारी

प्लेयर उघडला. वायर लावल्यावर मोटर गुंगुं करते, थाळी फिरत नाही. मोटरच्या बेअरिंगमधलं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालं आहे. मोटर सोडवून शाफ्ट बाहेर काढला, रॉकेलने धुतला, कापडाने कोरडा केला आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब दिले. फिरू लागली.

या प्लेयरमध्ये बेल्ट नाही. मोटरच्या शाफ्टवर पायऱ्यापायऱ्यांची पितळी पुली, तिला चिकटून फिरणारं रबरी चाक, आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवतं. वेग बदलायचा खटका दाबला की चाक पुलीच्या वेगळ्या पायरीवर सरकतं. या रबरी चाकाला वर्षानुवर्षं एकाच जागी दाब बसून खड्डा पडला आहे, म्हणून प्रत्येक फेरीला ‘धप्’ असा आवाज येतो. सॅंडपेपरने घासून बघितलं. थोडा फरक पडला, पण खड्डा खोल आहे.

आधी सुई लावून बघू असं वाटेल, पण लावू नका. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई ज्यात बसते त्या भागात, रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि तो दमट हवेत विरघळतो. कोकणातल्या चाळीस-पंचेचाळीस पावसाळ्यांनंतर तो जिवंत असण्याची आशा ठेवू नये. आमचा मेलेलाच होता. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ विचारत फिरलो, एका दुकानात उलटसुलट फिरणाऱ्या सुईचं सिरॅमिक कार्ट्रिज मिळालं, ८५० रुपये. एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची.

२८ जानेवारी

रविवार, म्हणून जुना बाजार. त्याच जातीचा, बंद पडलेला, पेटी फुटलेला प्लेयर ७०० रुपयांना घेतला. मला त्यातलं रबरी चाक हवं होतं आणि ते आमच्यापेक्षा खूपच चांगलं निघालं. उरलेले सुटे भाग डब्यात भरून ठेवले.

हे चाक बसवल्यावर ‘धप्’ गेलं. बाजारातल्या भंगाराला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हे चाक नवीन मिळत नाही. रबर चढवून देणारे आहेत, पण ते सांगतील ती रक्कम आणि सांगतील तेवढे दिवस.

१० फेब्रुवारी

चिखल. ही नोंद मोठी आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होऊ शकतं.

पुराचा गाळ फार बारीक असतो. वाळल्यावर तो खाचेत सिमेंटसारखा बसतो आणि त्यात रेतीचे कण असतात. कोरड्या कापडाने पुसलं की तेच कण खाचेवरून ओरखडत जातात. आमच्या दोन एलपींवर २०२१ च्या पुसण्याचे गोल ओरखडे स्पष्ट दिसतात. म्हणून घासण्याआधी भिजवणं आणि गाळ पाण्याबरोबर वाहू देणं, एवढा एकच नियम.

विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, एलपी आणि ईपींसाठी अशी पद्धत बसली. लेबलाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाकणं, कडेला रबरी वॉशर, मधून नटबोल्ट, म्हणजे लेबल कोरडं राहतं. टबात साधं पाणी, त्यात तबकडी उभी धरून हळूहळू फिरवायची. गाळ सुटून खाली बसतो. पाणी बदलायचं, पुन्हा तेच. पाणी स्वच्छ निघायला लागलं की मगच ब्रश. ब्रश मेकअपचा, मऊ केसांचा, आणि फिरवायचा तो खाचेच्या दिशेने गोल, आडवा कधीच नाही. या वेळी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. शेवटी बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने, धुवायचं. नळाचं पाणी सुकलं की त्यातले क्षार खाचेत राहतात आणि ते चरचरतात. ताट वाळवायच्या स्टीलच्या स्टॅंडमध्ये उभ्या ठेवून पंख्याखाली वाळवल्या.

आतली कागदी पाकिटं काही तबकड्यांना चिकटली होती. ओढायचा मोह होतो. भिजत ठेवलं तर कागद आपोआप सरकतो, ओढलं तर छापील शाई खाचेत उतरते.

आता लाखेच्या तबकड्या. त्यांना स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर काहीही लावायचं नाही. विनाइल साफ करण्याच्या बहुतेक कृतींमध्ये अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरवाला पॉलिश करतो ती हीच लाख. पहिल्या पुसण्यातच गाणं कापसावर उतरेल. शिवाय या तबकड्यांमध्ये नुसती लाख नसते, दगडाची पूड असते, सुताचे तंतू असतात, काहींच्या आत पुठ्ठ्यासारखा गाभा असतो. त्यामुळे त्या टबात भिजत ठेवायच्या नाहीत. ओल्या ब्रशने थोडं थोडं करत, लगेच टिपत न्यायचं.

जिथे पुराचं पाणी दिवसभर राहिलं तिथल्या चार तबकड्या गेल्याच. पृष्ठभाग राखाडी झाला आहे, भेगा पडून पापुद्रे सुटले आहेत. आजी त्यांना ‘प्लेटी’ म्हणायची आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. नाटकात वन्समोअर घेत घेत लांबलेलं पद दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांत बसवलेलं असायचं. तेवढ्या तीन मिनिटांसाठी ती चहाचं आधण उतरवून ठेवायची. त्या चार तबकड्या वेगळ्या गुंडाळून ठेवल्या.

खर्च: डिस्टिल्ड वॉटर, ब्रश, झाकणं, वॉशर मिळून सव्वापाचशे. नवी आतली पाकिटं वीस रुपयांना एक, ती मात्र सगळ्यांना घेतली. जुनी पाकिटं परत घालू नका, बुरशी त्यांच्यातूनच परत येते. बाहेरची कव्हरं कोरड्या ब्रशने झाडून, ऊन दाखवून ठेवली.

२४ फेब्रुवारी

मित्राचा टर्नटेबल मिळाला. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळीला जोडलेली), ३३, ४५, ७८ तिन्ही वेग, मॅग्नेटिक कार्ट्रिज. रेकॉर्डिंग यावरच करणार. घरचा प्लेयर ऐकण्यापुरता. सिरॅमिक कार्ट्रिजचा दाब सहा-सात ग्रॅम असतो, याचा दोनच्या आसपास. ज्या रेकॉर्डची एकच प्रत जगात आपल्याकडे आहे तिच्यावर जड सुई फिरवू नये.

७८ साठी वेगळी सुई घेतली, २,४०० रुपये. हा खर्च टाळता येत नाही. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन धुळीत लोळते आणि सगळा खरखराट उचलते, गाणं मात्र वरच्या भिंतींवर असतं.

पहिली एलपी लावली, ताईच्या लाडक्या भावगीतांची. ताईला फोनवर ऐकवली. ती दोन ओळी ऐकून म्हणाली, “अरे, हे खाली लागलंय. आपलं गाणं असं नाही.” मलाही तसंच वाटत होतं. आवाज जड, चाल रेंगाळलेली. मित्राच्या टर्नटेबलचा वेग कमी आहे असं ठरवून त्याला तसं कळवलंही.

२ मार्च

टर्नटेबल बरोबर आहे.

वेग तपासायला स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे कडेने सारख्या अंतरावर रेघा असलेली, चकती लागते. कागदावर छापता येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्या हिशेबाने ३३ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. यात अख्खी सकाळ वाया गेली, कारण खोलीत एलईडी दिवा होता. चांगला एलईडी लुकलुकतच नाही, त्यामुळे रेघा दिसायच्याच नाहीत. शेवटी जिन्यातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली टर्नटेबल नेला. १८० रेघा उभ्या.

मग घरचा प्लेयर तिथेच लावला. रेघा पुढे पळत होत्या. खात्री करायला थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून फेऱ्या मोजल्या: ३३⅓ च्या वेगाला तीन मिनिटांत शंभर व्हायला हव्यात, १०५ च्या पुढे गेल्या. सहा टक्क्यांच्या आसपास जास्त. हार्मोनियमवर हे बरोबर एका पट्टीचं अंतर आहे. ताई ते गाणं लहानपणापासून पांढरी सहामध्ये गाते. मित्राच्या टर्नटेबलवर ते काळी चारमध्ये लागतं.

आता गंमत अशी की बालगीतांच्या ईपी दोन्ही यंत्रांवर सारख्याच लागतात. आठवणीशीही तंतोतंत जुळतात. म्हणजे मोटर ठीक, ४५ ठीक. फक्त ३३ जलद.

पुली काढून भिंगाखाली पाहिली. ३३ ची पायरी काळपट, कडेला किंचित उचललेली. नखाने खरवडली तर चिकट पापुद्रा सुटला: इन्सुलेशन टेप, एक वेढा. जुन्या बाजारातल्या भंगाराची पुली शेजारी ठेवली तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. पुलीची ती पायरी सव्वाचार-साडेचार मिलिमीटर जाडीची. टेप मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिलिमीटर वाढला, म्हणजे सहा टक्के, म्हणजे एक पट्टी.

आईला विचारलं. तिला लगेच आठवलं. “संध्याकाळी व्होल्टेज पडायचं ना, पिवळा बल्ब व्हायचा. गाणं रडायला लागायचं. ह्यांनी मग काहीतरी चिकटवलं होतं आत.” बाबा कामावरून आल्यावर, दिवेलागणीनंतर एलपी लावायचे. दाब कमी, मोटर मंद, म्हणून त्यांनी टेप लावून पुली जाड केली. त्यांच्या वेळेला गाणं बरोबर लागत होतं. पण आम्ही दोघं सुट्टीच्या दुपारी ऐकायचो, पूर्ण व्होल्टेजवर, तेव्हा तीच टेप गाणं वर चढवायची. एकाच घरात, एकाच तबकडीचं गाणं बाबांनी एका पट्टीत ऐकलं आणि मुलांनी दुसऱ्या.

टेप काढली, पुली साफ केली, ३३ बरोबर झालं. टेपचा तुकडा आईने मागून घेतला.

९ मार्च

कोणत्या वेगाने रेकॉर्ड करायचं याबद्दल ताईशी बराच वेळ बोलणं झालं. तिचं म्हणणं, आपल्या घरचं गाणं जसं आपण ऐकलं तसंच ठेवायला हवं, आपल्या मुलांनी तेच ऐकावं. माझं म्हणणं वेगळं आहे. गायिकेने ज्या सुरात गायलं तो सूर तिचा आहे, वादकांनी वाद्यं त्याला लावली आहेत. मूळ प्रत त्या वेगाचीच हवी. पण ताईचं चुकीचं आहे असं मला मुळीच वाटत नाही. तिचा गळा त्या पट्टीवर घडला, तिने लग्नांत, मंडळात, हळदीकुंकवाला ते त्याच पट्टीत गायलं.

ठरलं ते असं: संग्रहाची प्रत ३३⅓ वर. त्याशिवाय घरासाठी दुसरी प्रत, वेग ५.८ टक्के वाढवून. ऑडेसिटीत (ध्वनी रेकॉर्ड करायचं, सुधारायचं सॉफ्टवेअर) यासाठी ‘चेंज स्पीड’ वापरायचं, ‘चेंज पिच’ नव्हे. पिचने सूर चढतो पण लय तीच राहते, आणि आमच्या प्लेयरवर दोन्ही एकदम चढत होतं. पहिल्या प्रयत्नात पिच वापरलं तेव्हा ताईने ओळखलं: सूर बरोबर आहे, पण गाणं पळत नाहीये.

२३ मार्च

रेकॉर्डिंगची साखळी बसली: टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा), यूएसबी इंटरफेस (तो आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा; ५,६०० रुपये, सगळ्यात मोठा खर्च), लॅपटॉप. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने. फाइल मोठी होते, पण पुढे टकटक काढताना बारीक नमुने हाताशी असलेले बरे.

लॅपटॉप चार्जरला लावला की घरघर यायची. दुसरी वायर, दुसरा प्लग करून झालं, कमी होईना. लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर गेली. तेव्हापासून एक बाजू बॅटरीवर, मग चार्जिंग, मग दुसरी बाजू.

मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या, रेकॉर्ड्सबद्दल एक उपयोगी गोष्ट. मोनो खाचेत गाणं सुईच्या डाव्या-उजव्या हालचालीत असतं. वर-खाली हालचालीत असतो तो फक्त कचरा. स्टिरिओ सुईने दोन्ही चॅनल रेकॉर्ड करून नंतर मिसळले की वर-खालचा बराचसा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. पुराच्या रेकॉर्ड्सवर याचा फरक ऐकण्यासारखा आहे, आणि पैसे काही लागत नाहीत.

१३ एप्रिल

‘नाच रे मोरा’. आमच्याकडे ती ७८ ची आहे. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातली, शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. या तबकडीला कडेपासून आत गेलेला केसासारखा तडा आहे. तो कशाने गेला हे मला पक्कं आठवतं: मावसभावाच्या हातून शेगडीच्या कट्ट्यावर आपटली होती आणि आजी कुणाला काही न बोलता ती उचलून आत घेऊन गेली होती.

७८ वर लावली की सुई तड्यावर उडते. दाब थोडा वाढवला, तरी उडते. उपाय असा की तबकडी ४५ वर फिरवायची. मंद वेगाला सुई तडा पार करते. मग सॉफ्टवेअरमध्ये ४५ चा वेग ७८ करायचा. चेंज स्पीडमध्ये रेकॉर्डचे हे वेग तयार दिलेले असतात.

पण नुसतं तेवढ्यावर काम होत नाही. तबकडी कोरताना केलेला फेरफार भरून काढायला प्रीॲम्प खर्ज वाढवतो आणि तार उतरवतो, ते ठरलेल्या कंपनसंख्यांवर. ४५ वर वाजवलेल्या गाण्याच्या सगळ्या कंपनसंख्या खाली गेलेल्या असतात, त्यामुळे ही दुरुस्ती चुकीच्या जागी पडते आणि वेग वाढवल्यावर गाणं घोगरं, नाकातलं येतं. आधी प्रीॲम्पची दुरुस्ती उलट फिरवून काढायची, मग वेग वाढवायचा, मग योग्य जागी टोन बसवायचा. या क्रमाने केलं आणि आशाबाईंचा आवाज मोकळा झाला.

राहिली टकटक. तडा प्रत्येक फेरीला एकदा वाजतो, मिनिटाला ७८ वेळा, म्हणजे तीन मिनिटांत दोनशेवर. आपोआप टकटक काढणाऱ्या सोयीला दिलं तर तिने तड्याबरोबर तालाचे ठोकेही बोथट केले. म्हणून हाताने: मोठं करून बघायचं, तड्याच्या जागी आलेखात टोकदार रेघ उभी दिसते, तेवढेच नमुने निवडून ‘रिपेअर’. ऑडेसिटीत ते एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालतं, ९६ किलोहर्ट्झवर ते फारच थोडं होतं, काही ठिकाणी दोन तुकड्यांत करावं लागलं. तीन रात्री गेल्या. गाणं आता सलग वाजतं आणि भाचीच्या मुलीने ते सलग तीनदा लावायला लावलं.

२७ एप्रिल

सूचना, सगळ्यांसाठी: नॉइज रिडक्शन जपून.

अभंगांच्या एका एलपीवर चांगलीच खरखर आहे. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेचा नमुना देऊन खरखर काढायला सांगितलं. खरखर गेली. तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारीही गेली. जवारी म्हणजे तारेच्या वरच्या बारीक सुरांचा झोत, आणि तो खरखरीच्याच पट्ट्यात राहतो. मागे तानपुरा नुसता घुमतो आहे, पुढे गायक एकटा पडला आहे, असं ऐकू येऊ लागलं. टाळाची धार गेली. कमी करत करत निम्म्यावर आणलं, तरी सुरांच्या शेवटाला पाण्याखालचा आवाज.

सगळं पुसून मूळ फाइलवर परत आलो. आता माझी पद्धत: मोठी टकटक हाताने काढायची, मोनो असेल तर चॅनल मिसळायचे, थाळीची खालची घरघर कापायची, बाकी हात लावायचा नाही. मूळ कच्ची फाइल कधीही पुसायची नाही. पुढच्या दहा वर्षांत चांगली साधनं येतील, तेव्हा कुणीतरी पुन्हा करेल.

१८ मे

एका एलपीचं भोक मध्यावर नाही. लांब सूर धरला की तो दर फेरीला वर-खाली झुलतो, सुई धरणारा आर्म डोलताना दिसतो. भोक अगदी किंचित मोठं करून तबकडी हाताने सरकवत, आर्म स्थिर होईपर्यंत बसवली. लहान कानस, वेळ अर्धा तास. दुसरी एक एलपी उन्हाने वाकली आहे, तिला दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवलंय. उन्हात ठेवून लवकर होतं असं सांगणारे भेटतील, पण विनाइल फार उष्णता सहन करत नाही आणि खाच सपाट झाली तर गाणं परत येत नाही. सावलीत, महिनाभर, घाई न करता.

१५ जून

पावसाआधी सगळं आटोपलं. रेकॉर्ड्स उभ्या, नव्या पाकिटांत, जमिनीपासून पाच फुटांवरच्या फळीवर. चिपळूणला परत नेणार नाही, हे आईनेच सांगितलं.

नातेवाइकांना पेनड्राइव्ह दिले. काहींनी विचारलं, इंटरनेटवर का टाकत नाहीस? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. आजीच्या जुन्या तबकड्या त्यातून सुटल्या आहेत. पण शब्दांचा हक्क वेगळा, कवीच्या निधनानंतर साठ वर्षांचा. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत. चाल बांधणाऱ्याचंही तसंच. एका तबकडीवर तीन वेगवेगळे हक्क असतात, ते तीनही तपासल्याशिवाय काही वर टाकायचं नाही. ज्यांनी हे आपल्याला दिलं त्यांच्याशी तेवढं नीट वागायला हवं.

फाइलींची नावं अशी ठेवली: लेबल नंबर, मॅट्रिक्स नंबर, बाजू, वेग. घरच्या प्रतीच्या नावात ‘५.८ टक्के जास्त’ असं स्पष्ट लिहिलं, नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तीच मूळ समजेल.

एकूण खर्च साडेबारा हजारांच्या आत, मित्राचा टर्नटेबल फुकट धरून.

पापुद्रे सुटलेल्या त्या चार तबकड्यांवर सुई लावणार नाही. त्यांचे नंबर वाचता येतात. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, जुन्या तबकड्यांची माहिती जमवणारी माणसं तिथे आहेत. त्यांना नंबर लिहून पाठवतोय. कुणाकडे यांची चांगली प्रत असेल तर तिथे जाऊन रेकॉर्ड करायची तयारी आहे. इंटरफेस, लॅपटॉप आणि ७८ ची सुई एका पिशवीत बसते.